विरंगुळा : खेळातले भात आणि खाचरातले भात



झोडणी उरकली, पेंढ्याची उडवी रचून झाली, आणि संध्याकाळी हातपाय धुऊन बसावे तर हाताला काम नाही, असे चार दिवस आमच्याकडे मावळात वर्षातून एकदाच येतात. एरवी या सदरात एका खेपेला एक खेळ, नाहीतर एक सिनेमा, नाहीतर एखादे पुस्तक असते. आज गेल्या वर्षाचा, म्हणजे २०२५ सालचा, सगळा जमाखर्च एकदम मांडतो. कारण एक पत्र.

निफाडकडच्या एका भगिनींनी ते पाठवले आहे आणि त्यांचा राग रास्त आहे. मुलाने कांद्याच्या पट्टीतले पैसे फोनवरच्या पत्त्यांत घालवले, आणि तुम्ही शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात बसून खेळांचे गोडवे गाता, हे शोभते का, असा त्यांचा सवाल आहे. उत्तर देण्याआधी एक गोष्ट कबूल करतो. ती आजवर या सदरात लिहिली नव्हती. आमच्याही घरात हे झाले आहे.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा १९ वर्षांचा. तळेगावला कॉलेजला जातो. खते-औषधांचे पैसे फोनवरून तोच भागवतो, म्हणून दादाने भाताच्या विक्रीतले २२ हजार रुपये त्याच्या खात्यावर ठेवले होते. त्यातून लावणीची मजुरी भागायची होती. मार्चमध्ये पाहिले तर खात्यात ४०० रुपये. बाकीचे फोनवरच्या रमीने नेले. आधी दोनशे जिंकला, मग पाचशे, आणि मग गेलेले परत मिळवायला म्हणून गेला तो तळापर्यंत. दादा ओरडला असता तर बरे झाले असते. त्याने बोलणेच टाकले. एक जेवून उठल्यावर दुसरा पाटावर बसायचा. वहिनी दोनदा वाढायच्या.

तेव्हा ताई, पहिली गोष्ट ही की ज्याला आपण सरसकट 'खेळ' म्हणतो ती दोन वेगळी जनावरे आहेत. एकात एकदा पैसे मोजून खेळ घरी आणायचा, मग तो खेळत बसा, आणखी काही मागत नाही. दुसऱ्यात दर डावाला पैसे लावायचे. दुसऱ्या प्रकाराला संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी घातली. हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे, अशी जी पळवाट होती तीही त्यात बुजवली आहे. असे खेळ चालवणे, त्यांची जाहिरात करणे आणि बँकांनी त्यांचे पैसे इकडचे तिकडे करणे, या तिन्हींना मनाई आहे. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. त्यामुळे मुलगा तुरुंगात जाईल या भीतीने कुणी गप्प राहू नये. कायद्यानंतरही कुणी चोरवाटेने पैसे उकळले, तर १९३० या क्रमांकावर फोन करायचा आणि तो लगेच करायचा. जितका उशीर तितके पैसे लांब जातात. आमचे पैसे कायद्याच्या आधीच गेले होते. ते गेले ते गेलेच.

मी पुतण्याला समजवायला गेलो नाही. मला समजावता येत नाही. मला खेळता येते. एप्रिलमध्ये मी त्याला म्हटले, एक भाताचा खेळ आणलाय, त्यातल्या मारामाऱ्या माझ्याने होत नाहीत, तू बैस. आमचा उन्हाळा असा सुरू झाला.

खेळ जपानचा आहे. २०२० च्या नोव्हेंबरात निघाला. 'एडेलवाइस' या दोघाजणांच्या छोट्याशा मंडळीने काही वर्षे खपून तो तयार केला. नाव 'सकुना'. मराठीत तो नाही. बोलणे जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरे. ती वाचायचे काम पुतण्याचे. सकुना ही देवलोकातली एक लाडावलेली पोर. बाप लढवय्या देव, आई पिकांची देवी. आईबापांच्या पुण्याईवर ऐष करायची आणि मातीला हात लावायचा नाही, असा तिचा खाक्या. हातून मोठा घोटाळा होतो आणि तिला राक्षसांच्या बेटावर धाडून देतात. संगतीला कोण, तर वाट चुकून देवलोकात शिरलेली पाच भुकेली माणसे. बेटावर एक खाचर आहे. पिकवले तर खायचे, एवढा साधा हिशेब.

निम्मा खेळ राक्षसांशी झुंजण्याचा. तो पुतण्याने सांभाळला. उरलेला निम्मा भाताचा, आणि मंडळी, काय सांगू! शेतीचे खेळ मी पुष्कळ पाहिले आहेत. बी टाकले, पाणी शिंपडले, चार दिवसांनी टोपली भरली, संपले. इथे तसे नाही. कुदळीने खाचर खणायचे, दगड वेचायचे. बी मिठाच्या पाण्यात घालून निवडायचे. रोपे दाट करायची की विरळ ते ठरवायचे. लावणीला मागे मागे सरकत एकेक रोप खोचायचे. पहिल्या वर्षी आमची ओळ अशी गेली की वहिनी दारातून म्हणाल्या, "भाऊजी, खाचरातून साप गेलाय का?"

पाणी घ्यायचे तोंड वेगळे आणि सोडायचे वेगळे. रोप मूळ धरते तेव्हा पाणी किती, फुटवे येताना किती, कधी पाणी तोडून जमीन सुकू द्यायची, हे सगळे आपल्या अंगावर. रोज तण उपटायचे, खत कालवून ठेवायचे. कापलेल्या पेंढ्या मांडवावर वाळत घालायच्या, दाणे काढायचे, मग उखळात कांडायचे. कांडताना तांदूळ तांबूस ठेवायचा की पांढरा करायचा, तेही आपणच ठरवायचे. लबाडी एवढीच की ऋतू तीन दिवसांचा आणि वर्ष बारा दिवसांचे आहे. एवढी सवलत आम्हालाही मिळती तर!

आणि भात विकायचे नसते. पीक जितके चांगले उतरेल तितकी सकुना बळकट होते. चव, वास, चिकटपणा, घट्टपणा, रूप आणि उतारा असे सगळे गुण वेगवेगळे मोजतात. रात्री सगळी मंडळी चुलीभोवती जेवायला बसतात, आणि ताटात काय पडले त्यावर दुसऱ्या दिवसाची ताकद ठरते. असा खेळ मी दुसरा पाहिलेला नाही.

हा खेळ निघाला तेव्हा जपानात एक गंमत झाली. शहरी पोरांना काही केल्या भात पिकवता येईना. मग कुणाच्या तरी ध्यानात आले की तिथल्या कृषी मंत्रालयाने भातलागवडीची जी माहिती खुली ठेवली आहे ती वाचली की खेळात पीक येते. झाले! परीक्षेची गाईड वाचावी तशी पोरे सरकारी माहितीपत्रके वाचू लागली. आमच्या कृषी सहायकांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. खेळात सुरुवातीला दाणे काढायला दोन काड्या असतात. लोंब्या त्यांच्या चिमटीत धरून ओढायच्या, मूठ मूठ करत. पुढे कंगव्यासारखे दातांचे एक अवजार हाती येते. पेंढी त्यावरून ओढली की दाणे झरझर गळतात. पुतण्या खूश झाला, मीही झालो. मग या अवजाराविषयी वाचायला घेतले. ते जपानात १७०० सालच्या सुमारास आले. त्याआधी काड्यांनी दाणे काढून देणे हे गावातल्या विधवांचे पोट भरायचे साधन होते. नव्या अवजाराने ते गेले. म्हणून लोकांनी त्याला टोपणनाव दिले, त्याचा अर्थ 'विधवांना आडवे पाडणारा'. आमच्या वाडीत तीन वर्षांपासून कापणी-मळणीचे यंत्र येते. झोडणीला ज्या बाया यायच्या त्यातल्या दोघींना मी नावानिशी ओळखतो. त्या आता कुठे जातात हे मी विचारलेले नाही.

असो. बियाण्याकडे येतो.

पुतण्याने खेळात मिठाचे पाणी पाहिले आणि विचारले, "काका, आपण का नाही करत हे?" प्रश्न सोपा आणि उत्तर लाजिरवाणे. इंद्रायणीचे बी आम्ही बहुधा विकत आणतो. इंद्रायणी तशी घरचीच. १९८७ साली आमच्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून ती निघाली. पण दहा-बारा गुंठ्यांत आईच्या वेळेपासून आंबेमोहोर लावतो, त्याचे बी घरचे असते. कणगीतून काढले, सुपात पाखडले, राबात फेकले, एवढाच आमचा संस्कार. कृषी खाते कितीतरी वर्षांपासून तीन टक्के मिठाची प्रक्रिया सांगत आहे. ऐकून ऐकून कान किटले होते, केली एकदाही नव्हती.

कृती अशी. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवायचे. त्यात बी थोडे थोडे सोडून हाताने ढवळायचे आणि पाणी निवळू द्यायचे. पोचट आणि रोगट दाणे वर येतात, ते चाळणीने काढून टाकायचे. तळाचे बी दोन-तीनदा चांगल्या पाण्याने धुवायचे, नाहीतर मीठ उगवण मारते. मग सावलीत दिवसभर सुकवायचे आणि औषध पुडीवर लिहिल्या मापाने चोळायचे. ही युक्ती जपानात १८८२ साली योकोई तोकियोशी नावाच्या कृषितज्ज्ञाने बसवली. तिकडे पाणी आपल्याहून पुष्कळ खारट करतात, इतके की त्यात कोंबडीचे अंडे तरंगते. ते पाहून कुणी मिठाची गोणी ओतू नये. आपल्याकडे शिफारस तीन टक्क्यांची आहे, तीच धरावी.

जूनमधल्या एका सकाळी ओट्यावर घमेले मांडले. बी होते दहा किलो. मला वाटले होते, मूठ-दोन मुठी वर येतील. आले ते पाहून मी गप्प झालो. चाळणीने काढून, सुकवून तोलले तर दोन किलोला थोडे कमी. म्हणजे दर वर्षी पाचातला जवळपास एक दाणा आम्ही नुसताच राबात फेकत होतो, आणि रोप विरळ आले की पाखरांना शिव्या देत होतो. दादा खांबाला टेकून पाहत होता. बोलला काही नाही. थोड्या वेळाने आला, पुतण्याच्या हातातली चाळणी घेतली आणि राहिलेले बी स्वतः काढू लागला. पुतण्या पाणी ओतत राहिला.

हे खेळात बसले असते. पुढचे बसले नसते. पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला. इतक्या लवकर तो तिथे पोचल्याची नोंद नाही. आमच्याकडेही त्याच सुमाराला धरला तो सोडेना. राब भाजलेला नाही, जमिनीला वाफसा नाही, धूळवाफेत पेरायची आशाच संपली. म्हणून तर बियाणे धुवायला जून उजाडला. गादीवाफे उंच करून पेरले, तर एका रात्रीच्या पावसाने खालच्या अंगाचे दोन वाफे वाहून गेले. मिठाच्या पाण्यातून एकेक दाणा पारखून घेतलेले बी ओढ्याला मिळाले. पुतण्या मोबाइलवर कसली तरी कळ दाबल्यासारखा अंगठा हलवत बांधावर उभा होता. खेळात मागच्या टप्प्यावर परत जाता येते.

आणि लावणीला मजुरी कुठून आणायची? ती तर रमीने नेलेली. दादाने सावड केली. सावडीची रीत आमच्याकडे मोडत आली आहे, पण अगदी गेलेली नाही. आज चार घरे तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही त्यांच्या. आमच्या घराची फेड पुतण्याने केली. जुलैभर तो दुसऱ्यांच्या खाचरात चिखलात उभा होता. कुणी त्याला हे कर म्हणून सांगितले नव्हते. तिसऱ्या दिवशी त्याच्या पायाची बोटे कुजली, वहिनींनी रोज रात्री हळद-तेल लावले. कॉलेज बुडाले ते बुडाले.

आता थोडे सामानाविषयी, कारण तीन पत्रांत तीच विचारणा आहे. आमच्याकडे काही थाट नाही. पुतण्याचा जुना लॅपटॉप, त्याला जोडलेले बटणांचे हातातले यंत्र (आमच्या घरी त्याला रिमोटच म्हणतात) आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. नवीन शिकणाऱ्याने महागडे काही घेऊ नये. त्या रिमोटच्या डाव्या बाजूला अधिकच्या चिन्हासारखे एक बटण असते. अंगठा न उचलता चारी दिशांना जाता येते. ते १९८२ साली निन्तेन्दो कंपनीच्या गुनपेई योकोई यांनी बसवले. मिठाच्या पाण्यातल्या योकोईंचे हे आडनावबंधू. निन्तेन्दो ही मुळात क्योतो शहरातली पत्ते बनवणारी कंपनी, १८८९ सालची. योकोई १९६५ साली तिथे यंत्रांची देखभाल करायला लागले. पुढे त्यांनीच खेळणी आणि खेळ काढले. त्यांचे म्हणणे असे की नवे-महाग तंत्र शोधत बसू नये. सगळ्यांना पुरते माहीत झालेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि ते भलत्याच कामाला लावावे. हिशेबाच्या छोट्या यंत्राचा पडदा असतो ना, तसल्या पडद्यावर त्यांनी १९८० साली खिशात मावणारे खेळ चालवले. मोटारसायकलच्या चाकांवर कोळपे बसवणाऱ्या आपल्या माणसांना हे तत्त्वज्ञान सांगायला नको.

स्टिअरिंगची चौकशी पुष्कळांनी केली आहे. स्वित्झर्लंडच्या जायंट्स कंपनीचा 'फार्मिंग सिम्युलेटर' हा ट्रॅक्टर चालवायचा खेळ २००८ पासून निघतो. त्याच्यासाठी खास स्टिअरिंग आणि बाजूला लोडरचा दांडा असलेले सामान मिळते. पुण्यात एका स्नेह्यांकडे चालवून पाहिले. मजा आहे, पण त्या पैशात आमचा फवारणी पंप आला असता. २०२४ च्या नोव्हेंबरात निघालेल्या खेपेत त्यांनी भात आणि म्हशी पहिल्यांदा आणल्या. ऑगस्टमध्ये बाहेर मुसळधार पाऊस होता तेव्हा मी दादाला म्हटले, यंत्राने लावणी कशी करतात ते तरी बघ. बसला. बराच वेळ पाहिले आणि विचारले, "डिझेलचं काय?" मला माहीत नव्हते. मागून पुतण्या म्हणाला, "लागतं, बाबा. पंपावर जाऊन भरावं लागतं." दादाने मान हलवली. मार्चपासून ते एकमेकांशी बोललेले मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. खेळ म्हणाल तर मला कंटाळवाणा वाटला. दिवसभर तेच करायचे आणि रात्री पुन्हा पडद्यावर तेच.

पावसाळ्यात एक पुस्तकही वाचले. जेसन श्रायर यांचे 'ब्लड, स्वेट अँड पिक्सेल्स', २०१७ सालचे. इंग्रजी साधे आहे, शेजारी डिक्शनरी ठेवली की चालते. खेळ तयार करणाऱ्या माणसांची हलाखी त्यात आहे. रात्र-रात्र जागणे, मालकांनी काम मध्येच बंद पाडणे, वगैरे. त्यातले एक प्रकरण 'स्टारड्यू व्हॅली' या खेळावर आहे, तेवढ्यासाठी तरी पुस्तक घ्यावे. अमेरिकेत सिएटलकडे राहणारा एरिक बॅरोन नावाचा तरुण. शिक्षण झाले, नोकरी मिळेना. लहानपणी खेळलेल्या जपानी शेतीच्या खेळासारखा खेळ आपणच करू म्हणून बसला तो साडेचार वर्षे उठला नाही. चित्रे त्याची, गाणी त्याची, गोष्ट त्याची. संध्याकाळी थिएटरात लोकांना खुर्च्या दाखवायचे काम करायचा आणि घर बहुतेक त्याच्या जोडीदारणीच्या कमाईवर चालायचे. खेळ २०१६ च्या फेब्रुवारीत निघाला. २०२४ अखेरपर्यंत चार कोटींहून जास्त प्रती गेल्या.

खेळ गोड आहे, नाही म्हणत नाही. शहरातल्या नोकरीला विटलेला माणूस आजोबांच्या पडीक रानात येतो आणि शेती करतो. पण मला त्यातली एक पेटी सलते. घराशेजारी ती असते. माल काढायचा, पेटीत टाकायचा, निजायचे. सकाळी पैसे जमा. तोलाई नाही, हमाली नाही, आडत्या नाही. अख्ख्या गावाने एकच पीक घेतले तरी भाव पडत नाही. पाऊस आला की आनंद, कारण त्या दिवशी पाणी शेंदावे लागत नाही! वहिनींना ही पेटी दाखवली तर त्या म्हणाल्या, "ही कुठं मिळते तेवढं विचारा." मला वाटते चार कोटी लोकांना तीच पेटी हवी आहे. शेतीचे एवढे एकच स्वप्न सगळ्या जगाला पडते, म्हणायचे.

दिवाळीच्या सुट्टीत सिनेमा पाहिला, 'सेव्हन समुराई'. अकिरा कुरोसावा यांचा, १९५४ सालचा, काळा-पांढरा. तीन तास सत्तावीस मिनिटांचा आहे, म्हणून दोन रात्री लागल्या. डोंगरातल्या एका खेड्यावर दरोडेखोर दर सुगीला येतात. गावकरी ठरवतात की लढवय्ये भाड्याने आणायचे. पैसा नाही. द्यायला आहे काय, तर रोजचा भात. शहरात गेलेले गावकरी स्वतः वरई-सावा जातीचे हलके धान्य खातात आणि बरोबर आणलेला तांदूळ त्या लढवय्यांसाठी जपून ठेवतात. एका रात्री तो चोरीला जातो. मडक्याच्या तळाशी चार दाणे उरलेले असतात ते सांडतात, आणि एक म्हातारासा शेतकरी गुडघ्यावर बसून ते जमिनीवरून एकेक वेचतो. लढाया पुष्कळ आहेत, पोरे त्या पाहतील. मी त्या दाण्यांपाशी थांबलो.

कारण आमच्या आईचे असेच होते. आंबेमोहोर शिजला की शेजारच्या घराला वास जायचा म्हणतात, पण आमच्या घरी तो शिजायचा कुठे? पोती तळेगावच्या पेठेत जायची. घरात तांबडा जाडा तांदूळ आणि नाचणी. आंबेमोहोराच्या कण्या तेवढ्या आमच्या, त्याही आजारपणात पेज करायला. उफणताना उडालेले दाणे आई संध्याकाळी खळ्यात बसून वेचायची. दादा सिनेमा पाहता पाहता मध्येच उठून बाहेर गेला. बिडी ओढायला गेला असेल.

सिनेमाच्या शेवटी लावणी आहे. ढोल, बासरी, गाणे, आणि बाया एका तालात मागे सरकत रोपे लावतात. सकुनाच्या खेळातही लावणीचे गाणे आहे, त्याच वळणाचे. त्या खेळावर २०२४ साली जपानात कार्टून मालिकाही निघाली. तिचे दोन भाग पाहिले, खेळापुढे फिकी.

आता आमच्या पिकाचे. वाहून गेलेल्या वाफ्यांमुळे आंबेमोहोर सहाच गुंठ्यांत लागला, बाकीच्यात उरलेली इंद्रायणी ढकलली. तो तसाही उंच वाढतो आणि लोळतो, त्यात कापणीच्या तोंडावर पुन्हा सरी आल्या. उतारा कमीच. मिठाच्या पाण्याने उत्पन्न वाढले की नाही, हे त्यामुळे मला सांगता येत नाही. रोपे मात्र एकसारखी आणि दाट उगवली होती, ती सगळ्यांनी पाहिली. या जूनलाही ओट्यावर घमेले मांडायचे ठरले आहे.

गिरणीतून पोते आले त्या रात्री दादा म्हणाला, हे पेठेत न्यायचे नाही. वहिनींनी भात टाकला. नवा तांदूळ, थोडा गिजगोळा झाला, व्हायचाच. वर साधे वरण आणि तूप. आम्ही चौघे एकाच वेळी पाटावर बसलो. पहिला घास घेऊन पुतण्याने दबकत विचारले, "बाबा, खेळात वासाला गुण देतात. आपल्याला किती?"

दादाने घास चावला, पुन्हा एक घेतला.

"शंभरात सत्तर," तो म्हणाला. "पाणी उशिरा तोडलंस."